संचालक, संगीतकार की अरेंजर: सुरुवात कुठून करावी?

पियानोचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि एका हौशी वाद्यवृंदासाठी काही अरेंजमेंट लिहिलेल्या एका तरुण वादकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. वाद्यवृंदसंचालन, संगीतरचना आणि अरेंजिंग (म्हणजे असलेली रचना दुसऱ्या वाद्यांसाठी लिहून काढणे) ही तिन्ही कामे एकाच माणसाला व्यवसाय म्हणून करता येतात का, त्यांतले कोणते आधी हाती घ्यावे, आणि त्यासाठी संचालनाची पदवी लगेच घ्यावी का? माझे उत्तर असे आहे की तिन्ही कामे करता येतात. सुरुवात अरेंजिंगपासून आणि वाद्यवृंदात बसून वाजवण्यापासून करावी. आणि संचालनाच्या पदवीकडे त्यानंतर वळावे. या क्रमाबद्दल माझे मत पक्के आहे. बहुतेक तरुणांच्या मनात नेमका याच्या उलटा क्रम असतो, म्हणून कारणे सविस्तर सांगतो.

ही तीन कामे वेगळी मानण्याची पद्धत तशी अलीकडची आहे. अठराव्या शतकात रचना लिहिणारा माणूसच हार्पसिकॉर्डवर किंवा पहिल्या व्हायोलिनच्या जागेवर बसून वादकांना सांभाळत असे. केवळ संचालन करणारा स्वतंत्र कलावंत एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद मोठे होत गेले आणि रचना गुंतागुंतीच्या होत गेल्या तसा पुढे आला. त्यानंतरही गुस्ताव्ह मालर 1897 ते 1907 या काळात व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे प्रमुख होते आणि आपल्या सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) प्रामुख्याने उन्हाळ्याच्या सुटीत लिहीत होते. लिओनार्ड बर्नस्टाइन, पिएर बुलेझ आणि एसा-पेक्का सालोनेन यांनीही दोन्ही कामे आयुष्यभर चालवली. मात्र या सर्वांनाच वेळेची ओढाताण सोसावी लागली. सालोनेन यांनी 2009 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालकपद सोडले, त्यामागे रचनेला अधिक वेळ देण्याची इच्छा हे एक मोठे कारण होते. तेव्हा तिन्ही कामे जमतात का, या प्रश्नाइतकाच कोणत्या वर्षी कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि व्यवसायात तो पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

अरेंजिंग आधी का, ते आता सांगतो. संचालकाचे मुख्य साधन कान हे आहे. ऐंशी वादक एकाच वेळी वाजवत असताना जे ऐकू येते ते कागदावरच्या स्कोअरशी, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या स्वरलिपीशी, जुळते की नाही, जुळत नसेल तर नेमके कोणामुळे आणि कशामुळे, हे दोन-तीन सेकंदांत कळले पाहिजे. पुस्तकातून स्वरपल्ले पाठ करून हा कान तयार होत नाही. आपण स्वतः लिहिलेला स्वर त्या वाद्यावर प्रत्यक्ष कसा उमटला, हे वारंवार ऐकूनच तो घडतो. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची गोष्ट मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. 1871 मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीतविद्यालयात प्राध्यापक झाले तेव्हा त्यांचे शास्त्रीय शिक्षण अपुरे होते आणि हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) व काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र धुनांची गुंफण) त्यांनी त्यानंतर स्वतः कष्टाने आत्मसात केले. 1873 मध्ये रशियन नौदलाच्या बँडांचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाल्यावर त्यांनी फुंकवाद्ये हातात घेऊन त्यांचा अभ्यास केला आणि त्या बँडांसाठी अरेंजमेंटही लिहिल्या. ऑर्केस्ट्रेशनवरचा, म्हणजे रचना वाद्यवृंदातल्या वाद्यांना वाटून देण्याच्या कलेवरचा, त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1913 मध्ये, प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासला जातो. त्यातल्या ज्ञानाचा एक मोठा झरा बँडच्या त्या रोजच्या कामातून आलेला आहे.

अरेंजर नेमके काय शिकतो हे उदाहरणांनी स्पष्ट होईल. बासरीचा खालचा सप्तक मऊ आणि क्षीण असतो. त्या पट्टीत धून दिली आणि वर व्हायोलिनचे लांब स्वर ठेवले, तर श्रोत्याला धून ऐकू येत नाही. ओबोचे याच्या उलट आहे: त्याचे अगदी खालचे स्वर जाड आणि मोठे येतात, तिथे ‘अगदी हळू’ असे लिहिले तर उत्तम वादकालाही ते अवघड जाते. दोन व्हायोलिनना एकच ओळ एकस्वरात दिली की सुरातला बारीक फरक उघडा पडतो; एक किंवा तीन व्हायोलिन असतील तर तो इतका जाणवत नाही. हार्पला सात पेडल असतात आणि प्रत्येक पेडल एका नावाच्या सर्व स्वरांची पट्टी एकदम बदलते, म्हणून पियानोवर सहज वाजणारी झपाट्याची कोमल-तीव्र स्वरावली हार्पवर अशक्य होऊन बसते. ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारे साधन) लावायला किंवा टिंपनी (मोठे नगारे) नव्या स्वराला लावायला काही बार (मात्रांचे ठरावीक गट) मोकळे सोडावे लागतात. ट्यूबाला आणि बेस ट्रॉम्बोनला लांब वाक्यात श्वासाची जागा द्यावी लागते. यांतली प्रत्येक गोष्ट पुस्तकात आहे, पण ती हातात येते ती पहिल्या वाचनात वादक थांबून लेखकाकडे पाहतो तेव्हा.

याच ठिकाणी संगणकाबद्दल एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. नमुना-ध्वनींच्या सॉफ्टवेअरमुळे आज घरबसल्या पूर्ण वाद्यवृंदाचा आभास तयार करता येतो. ध्वनिचित्र क्षेत्रात निर्मात्याला आधी तसा नमुना ऐकवल्याशिवाय काम मिळणेही कठीण झाले आहे, म्हणून ते कौशल्य यायलाच हवे. परंतु सॉफ्टवेअरमध्ये बासरीचा खालचा स्वर तीन ट्रॉम्बोनांच्या वर आणणे हे एका बटणाचे काम आहे. खऱ्या दालनात ते होत नाही. शिवाय संगणकाला दम लागत नाही, त्याचे ओठ थकत नाहीत आणि पान उलटायलाही त्याला वेळ लागत नाही. केवळ याच साधनावर शिकलेल्या अरेंजरचे स्कोअर पहिल्या पानावरच ओळखू येतात: हॉर्न सतत वरच्या पट्टीत, व्हिओलाला (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या तंतुवाद्याला) नुसते भरावाचे स्वर, आणि सगळी वाद्ये सगळा वेळ वाजत असलेली. ज्या दिवशी खरे पाच वादक मिळतील त्या दिवशी पाचांसाठी लिहावे. पाच जणांचा खरा आवाज शिकवतो तितके शंभर जणांचा कृत्रिम आवाज शिकवत नाही.

अरेंजरचा उरलेला अर्धा अभ्यास पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाची स्वतंत्र पाने, तयार करण्यात आहे. या विषयावर फारसे बोलले जात नाही, पण कोणत्याही व्यावसायिक वाद्यवृंदात नव्या माणसाचे नाव होते किंवा बिघडते ते इथेच. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते, एफ हॉर्न पंचमाच्या अंतराने (सा ते प इतके) खाली, डबल बास एक सप्तक खाली, पिकोलो एक सप्तक वर; या रूपांतरात एक चूक राहिली तरी तालमीची पाच मिनिटे जातात, आणि त्या पाच मिनिटांत साठ-सत्तर माणसे बसून असतात. पान उलटण्याची जागा विश्रांतीच्या बारमध्येच आली पाहिजे. लांब विश्रांतीनंतर वादकाला प्रवेश सापडावा म्हणून शेजारच्या वाद्याची एखादी ओळ लहान अक्षरांत छापावी. तालमीसाठीची अक्षरे किंवा बारचे क्रमांक स्कोअरमध्ये आणि प्रत्येक पार्टमध्ये तंतोतंत सारखे असावेत. तंतुवाद्यांचे बो (गज) कुठे वर आणि कुठे खाली जातील हे प्रमुख व्हायोलिनवादकाला आधी विचारून ठरवावे. हे सगळे नीट केलेल्या माणसाला पुढचे काम देताना वाद्यवृंदाचा ग्रंथपाल आणि व्यवस्थापक दुसऱ्यांदा विचार करत नाहीत.

अरेंजिंग हे दुय्यम दर्जाचे काम आहे, अशी एक समजूत असते, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. मुसोर्गस्की यांनी 1874 मध्ये केवळ पियानोसाठी लिहिलेली चित्रप्रदर्शनावरची रचना आज जगभरच्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत असते ती मुख्यतः मॉरिस रावेल यांनी 1922 मध्ये संचालक सेर्गेई कुसेवित्स्की यांच्यासाठी केलेल्या ऑर्केस्ट्रेशनमुळे. 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज गर्श्विन यांची पियानो आणि जॅझ बँडसाठीची प्रसिद्ध रचना प्रथम वाजली, तेव्हा बँडसाठीचे ऑर्केस्ट्रेशन पॉल व्हाइटमन यांचे अरेंजर फर्डे ग्रोफे यांनी केले होते. त्या रचनेचा सर्वपरिचित वाद्यवृंदी रंग त्यांच्याच लेखणीतून आला. अरेंजर दुसऱ्याच्या विचाराला आवाज देतो, आणि संचालकही दुसऱ्याच्या विचारालाच आवाज देतो; फरक इतकाच की एकाच्या हाती कागद असतो आणि दुसऱ्याच्या हाती तालमीचा वेळ. म्हणूनच अरेंजिंगमध्ये मुरलेला माणूस पोडियमवर, म्हणजे संचालकाच्या चौथऱ्यावर, उभा राहिला की त्याच्या सूचना वादकांना चटकन पटतात.

अरेंजिंगच्या जोडीला वाद्यवृंदात बसून वाजवणे किंवा गायकवृंदात गाणे अत्यंत आवश्यक आहे. पियानोवादकाच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे, कारण पियानोवादक बहुधा एकटा वाढतो. संचालकांपैकी तोस्कानीनी आणि बार्बिरोली चेलोवादक होते, कुसेवित्स्की डबल बास वाजवत, सायमन रॅटल पर्कशन वाजवत मोठे झाले. आतून ऐकलेला वाद्यवृंद बाहेरून ऐकलेल्या वाद्यवृंदापेक्षा वेगळा असतो: संचालकाची कोणती खूण उपयोगी पडते, कोणती गोंधळात टाकते, आणि कोणत्या शब्दांनी वादकांचा उत्साह मावळतो, हे खुर्चीवर बसूनच कळते. मुंबईत 1936 मध्ये जन्मलेले झुबिन मेहता 1954 मध्ये व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकताना त्यांनी डबल बासचाही अभ्यास केला. मोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना पाहू दिल्या जात नव्हत्या, म्हणून ते आणि क्लाउदिओ अब्बादो तिथल्या गायकवृंदात सामील झाले आणि गाता गाता त्या तालमी त्यांनी जवळून पाहिल्या. 1958 मध्ये लिव्हरपूलची संचालन स्पर्धा मेहता यांनी जिंकली. ज्याला तंतुवाद्य किंवा फुंकवाद्य येत नाही त्याने निदान एक तरी मध्यम दर्जापर्यंत शिकावे. व्हिओला हा उत्तम पर्याय आहे, कारण व्हिओलावादक वाद्यवृंदाच्या अगदी मध्यात बसतो आणि हार्मनीचा आतला भाग त्याच्याच हातात असतो.

आता संचालनाकडे येतो. दोन, तीन आणि चार मात्रांचे हाताचे नकाशे थोड्याच दिवसांत शिकता येतात आणि त्यात काही गूढ नाही. खरी विद्या पहिल्या मात्रेच्या आधीच्या इशाऱ्यात आहे: हात वर जाताना पुढच्या स्वराची लय, जोर आणि स्वभाव या तिन्ही गोष्टी वादकांना दिसल्या पाहिजेत. लय मनात आधीच चालू असेल तर हात आपोआप बरोबर उठतो, नसेल तर कितीही सुंदर हालचाल केली तरी पहिला स्वर फाटतो. त्याहून मोठे काम घरी, स्कोअरसमोर बसून होते. आधी रचनेचा आराखडा, मग हार्मनीचा प्रवास, मग वाक्यांची लांबी, मग प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः गाऊन पाहणे, आणि अखेरीस कुठे काय झाकले जाईल याचा अंदाज बांधणे, असा माझा क्रम आहे. ध्वनिमुद्रण मी या कामाच्या शेवटी ऐकतो. आधी ऐकले तर दुसऱ्याची लय कानात बसते आणि स्वतःचा निर्णय कधी होतच नाही.

तालीम ही स्वतंत्र कला आहे. व्यावसायिक वाद्यवृंदात एका कार्यक्रमासाठी बहुधा मोजक्याच तालमी मिळतात आणि त्यांतला प्रत्येक मिनिट खर्चाचा असतो. कोणती चूक दुसऱ्या वेळी वादक आपोआप सुधारतील आणि कोणती सांगितल्याशिवाय सुधारणार नाही, हे ओळखता आले की निम्मा वेळ वाचतो. थांबल्यावर आधी जागा सांगावी, मग वाद्य, मग सूचना, आणि सूचना एका वाक्यात संपवावी. ‘इथे विषण्णता हवी’ असे म्हणण्याऐवजी ‘दुसरा स्वर थोडा छोटा आणि हळू’ असे म्हटले तर विषण्णता लवकर येते. चूक एका वादकाची असेल तर अनेकदा नुसती नजर पुरते. चारचौघांत नाव घेऊन कोणालाही अपमानित करण्याचे कारण कधीच नसते. तसे करणारे जुने संचालक मोठे झाले ते त्या वागण्यामुळे नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पोडियम मिळतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. पियानोवादकाला ऑपेरागृहातली तालीमवादकाची नोकरी ही सर्वांत जुनी आणि अजूनही चांगली वाट आहे, कारण तिथे गायकांबरोबर काम करता करता श्वास, शब्द आणि लवचिक लय शिकायला मिळते. दुसरी वाट म्हणजे साहाय्यक संचालकाचे पद. त्यात कार्यक्रमातल्या प्रत्येक रचनेची पूर्ण तयारी ठेवायची, दालनात मागे बसून तोल ऐकायचा आणि मुख्य संचालक आजारी पडल्यास उभे राहायचे. 14 नोव्हेंबर 1943 रोजी संचालक ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा रेडिओवर प्रक्षेपित होणारा कार्यक्रम तालमीशिवाय पार पाडला. 1983 मध्ये सालोनेन यांनी लंडनमध्ये ऐनवेळी मालर यांची तिसरी सिम्फनी संचालित केली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली. या घटना नशिबाच्या म्हणून सांगितल्या जातात. मला त्यात तयारी दिसते, कारण अशा वेळी नव्याने शिकायला सवड नसते. स्पर्धाही असतात: फ्रान्समधल्या बझांसाँ येथील स्पर्धा 1959 मध्ये सेइजी ओझावा यांनी जिंकली आणि त्यांना पुढची दारे उघडली. पण बहुतेकांसाठी खरी वाट स्वतः माणसे जमवण्याची आहे. आठ-दहा वादकांचा गट बांधावा, त्यांच्यासाठी स्वतः अरेंजमेंट लिहाव्यात, पार्ट स्वतः काढावेत आणि त्यांच्यापुढे उभे राहावे. अरेंजिंग आधी शिकलेल्या माणसाला हे शक्य होते, कारण वादकांना वाजवण्याजोगे काहीतरी नवे देण्यासारखे त्याच्याजवळ असते.

महिला विद्यार्थिनींसाठी एक वाक्य मुद्दाम लिहितो. मरिन ऑल्सप 2007 मध्ये बाल्टिमोर सिम्फनीच्या संगीत संचालक झाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या एका प्रमुख वाद्यवृंदाचे ते पद प्रथमच एका स्त्रीकडे आले. हे दार फार उशिरा उघडले, पण आज पोडियमवर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते आहे आणि संकोचाने मागे राहण्याचे कारण उरलेले नाही.

संगीतरचनेबद्दल माझा आग्रह एवढाच की ती सुटीच्या दिवसाची गोष्ट होऊ देऊ नये. अरेंजिंगला मुदत असते, संचालनाला तारीख असते, रचनेला बहुधा काहीच नसते, म्हणून तिचा वेळ सर्वांत आधी खाल्ला जातो. रोजची एक वेळ तिच्यासाठी बांधून घ्यावी आणि त्या वेळेत दुसऱ्याचा स्कोअर उघडू नये. सुरुवातीला मोठ्या वाद्यवृंदासाठी सिम्फनी लिहिण्याचा मोह टाळावा. चार-सहा वाद्यांसाठी दहा मिनिटांची रचना लिहिली तर ती वाजते, आणि एकदा नीट वाजलेली रचना दुसऱ्या गटाकडे पाठवता येते. नव्या रचनेचा पहिला प्रयोग मिळणे सोपे आहे, दुसरा मिळणे अवघड. संचालन करणाऱ्या रचनाकाराला आणखी एक धोका असतो: रोज इतरांच्या थोर रचना कानात घुमत असल्याने त्यांचीच वाक्ये लेखणीतून उतरतात. त्यावर उपाय म्हणून, एखादा मोठा कार्यक्रम संपल्यावर पुन्हा लिहायला बसण्यापूर्वी मी काही दिवस काहीच ऐकत नाही.

अर्थार्जनाचे थोडक्यात सांगतो. पहिल्या काही वर्षांत बहुतेकांचे पोट अरेंजिंग, शिकवणे आणि साथीचे वादन यांवर चालते. संचालनाचे मानधन तुरळक असते आणि रचनेचे त्याहून तुरळक. अरेंजरला अनेकदा एकरकमी मोबदला मिळतो आणि पुढच्या रॉयल्टीत वाटा नसतो, म्हणून काम सुरू करण्याआधी लेखी करार करावा आणि त्यात श्रेयनामावलीत नाव, पुढील वापर आणि दुरुस्त्यांची मर्यादा या तीन बाबी स्पष्ट असाव्यात. दुसऱ्याच्या रचनेवर हक्क शिल्लक असताना तिची अरेंजमेंट करायला हक्कधारकाची परवानगी लागते. बर्न करारानुसार हे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षे असते आणि अनेक देशांत ते 70 वर्षे आहे. परवानगी नसलेली उत्तम अरेंजमेंट कोणताही जबाबदार वाद्यवृंद वाजवत नाही. चित्रपट आणि स्टुडिओचे काम कमी प्रतीचे मानू नये: आंद्रे प्रेविन यांनी किशोरवयात एमजीएम स्टुडिओत अरेंजिंगला सुरुवात केली, मग पिएर माँतू यांच्याकडे संचालन शिकले, आणि 1968 ते 1979 या काळात ते लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक होते. स्टुडिओत ठरलेल्या वेळेत अनोळखी संगीत पहिल्याच वाचनात उभे करावे लागते आणि क्लिक ट्रॅकबरोबर (कानात वाजणाऱ्या लयीच्या ठोक्यांबरोबर) चित्राच्या अचूक क्षणाला पोहोचावे लागते. ही शिस्त मैफिलीच्या संचालकालाही उपयोगी पडते.

राहता राहिली पदवी. संचालनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी हाताशी असाव्यात: एखाद्या वाद्यावर उत्तम प्रभुत्व, चार ओळींची हार्मनी ऐकून लिहिण्याइतका कान, अनेक ओळींचा स्कोअर पियानोवर कामचलाऊ वाचता येणे, आणि अल्टो व टेनर क्लेफ (ओळींवरच्या स्वरांच्या जागा ठरवणारी चिन्हे) न अडखळता वाचता येणे. प्रवेशपरीक्षेत बहुधा याच गोष्टी तपासल्या जातात. अभ्यासक्रम निवडताना विद्यालयाच्या नावापेक्षा एकच प्रश्न विचारावा, की विद्यार्थ्याला आठवड्यात खऱ्या वादकांपुढे किती मिनिटे उभे राहायला मिळते. हेलसिंकीच्या सिबेलिअस अकादमीत योर्मा पानुला यांनी विद्यार्थ्यांना सरावाच्या वाद्यवृंदापुढे उभे करून, त्याचे चित्रीकरण लगेच त्यांना दाखवून शिकवण्याची पद्धत रुजवली, आणि तिथून बाहेर पडलेल्या संचालकांची यादी पाहिली की तिचे मोल समजते. अर्जासोबत व्हिडिओ मागितला जातो तेव्हा कॅमेरा वादकांच्या बाजूने, संचालकाचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा ठेवावा. त्यात मैफिलीच्या तुकड्याबरोबर तालमीचा तुकडाही असावा, कारण उमेदवार काय ऐकतो आणि ते वादकांना कसे सांगतो, हे परीक्षकांना तालमीतच दिसते.